बोट ट्रेलरवरून नेताना: गाडी थोडी धुरजडच हवी

माझे आजोबा उसाची बैलगाडी भरायचे, तेव्हा शेवटच्या मोळ्या कुठे टाकायच्या हे ते स्वतःच ठरवत. गाडी मागे जड झाली की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्यातली जोती आवळतात आणि चढावर जनावर गुदमरतं. अशा वेळी ते म्हणायचे, ‘गाडी उलाळली’. पुढे फार जड झाली तर सगळा भार मानेवर येतो, ती धुरजड गाडी. आजोबांची गाडी कायम थोडीशी धुरजड असायची. ‘उलाळलेल्या गाडीला वाट राहत नाही,’ हे त्यांचं म्हणणं मला पुरतं कळलं ते मिशिगनमध्ये, बोट ओढताना.

आमची बोट १८ फुटी, ॲल्युमिनियमची, मागे ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. पहिल्याच उन्हाळ्यात होटन लेकहून परतताना दोन्ही आइसबॉक्स, नांगर, ओले दोर, जास्तीची बॅटरी असं सगळं मी बोटीच्या मागच्या भागात ठेवलं. तिथे जागा होती आणि हात पोचत होता, एवढाच विचार. आय-७५ हायवेवर ताशी ७० मैलांच्या आसपास एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर शेपटी हलवावी तसा डावी-उजवीकडे हेलकावायला लागला. प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा. माझा पाय ब्रेककडे गेला. शेजारी बसलेली मैत्रीण बरीच वर्षं ट्रेलर ओढत आलेली. ती म्हणाली, “ब्रेक नको. ॲक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर.” वेग उतरत गेला, हेलकावे मोडले. पुढच्या एक्झिटला उतरून आम्ही ते सगळं सामान उचलून पुढे ठेवलं आणि उरलेला रस्ता ट्रेलर जरासुद्धा हेलकावला नाही.

अमेरिकेत, विशेषतः तळ्यांच्या या राज्यांत, आता बरीच मराठी कुटुंबं बोट घेऊ लागली आहेत. बोट चालवायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. ती घरापासून पाण्यापर्यंत नेण्याबद्दल मात्र कुणी नीट बसून सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

बोट घेण्याआधी: वजनाचा हिशोब

जाहिरातीत दिलेलं बोटीचं वजन बहुतेक वेळा नुसत्या हलचं, म्हणजे बोटीच्या रिकाम्या सांगाड्याचं, असतं. त्यात इंजिन नसतं, पेट्रोल नसतं, ट्रेलर तर नसतोच. कागद घेऊन स्वतः बेरीज करा. समजा, हल १४०० पौंड, इंजिन ३७०, ट्रेलर ७००. पेट्रोल गॅलनला साधारण ६ पौंड, म्हणजे ३० गॅलनचे १८०. बॅटऱ्या, नांगर, लाइफ जॅकेट, आइसबॉक्स मिळून ३०० धरा. झाले २९५० पौंड. विक्रेत्याने १४०० ची बोट म्हणून दाखवलेली असते आणि तुम्ही ओढणार असता दुपटीहून जास्त.

आता गाडीकडे या. ती किती ओढू शकते हे मालकाच्या पुस्तिकेत पाहा, आणि तुमच्याच इंजिनाच्या, तुमच्याच पॅकेजच्या ओळीत पाहा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत, एकीला टो पॅकेज (ओढण्यासाठीची जादा सामग्री) आहे आणि दुसरीला नाही एवढ्यावरून, आकडा हजारो पौंडांनी बदलतो. त्यानंतर हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा गाडीमागचा सांगाडा: त्याचा रिसीव्हर (चौकोनी खोबण), त्यात बसणारा बॉल माउंट, त्यावरचा लोखंडी गोळा म्हणजे बॉल, आणि त्या गोळ्यावर बसणारा ट्रेलरचा कपलर, या प्रत्येकावर स्वतःची मर्यादा कोरलेली किंवा छापलेली असते. क्लास १ चा हिच २००० पौंडांपर्यंत, क्लास २ चा ३५०० पर्यंत, क्लास ३ त्याहून वर. या सगळ्यांत सर्वांत लहान आकडा असेल तोच तुमचा आकडा. मी त्याच्याही ८० टक्क्यांवर थांबते. उन्हाळ्यात एसी चालू ठेवून, पाच माणसं बसवून चढ चढायचा असतो, तेव्हा ती मोकळीक कामी येते.

एक आकडा हमखास राहून जातो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून गाडीत किती भार चालेल ते. ट्रेलरचा जो भार हिचवर टेकतो तोही याच हिशोबात धरायचा. आजी-आजोबा, दोन मुलं आणि मागे ३०० पौंडांची धुरा असा मेळ बसतो का, ते आधी पाहा.

ट्रेलरच्या ब्रेकचा नियम राज्यागणिक वेगळा आहे. बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांच्या वर ब्रेक बंधनकारक असतात. वरची बेरीज त्या रेघेला जवळजवळ टेकलेलीच आहे. माझं मत विचाराल तर इतक्या वजनाला ब्रेकवालाच ट्रेलर घ्या, नियम असो वा नसो.

धुरेवरचं वजन

ट्रेलर ज्या टोकाने गाडीला जोडला जातो तिथे खाली दाबणारं वजन म्हणजे टंग वेट. मी त्याला धुरेवरचं वजन म्हणते. सर्वसाधारण ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के सांगतात. बोटीच्या ट्रेलरांना काही कंपन्या ५ ते १० टक्केही चालवून घेतात. तुमच्या पुस्तिकेत जे असेल ते माना. काहीच दिलेलं नसेल तर १० टक्क्यांच्या खाली जाऊ नका. ३००० पौंडांच्या ट्रेलरला धुरेवर ३०० हवेत.

हे वजन कमी पडलं तर ट्रेलर उलाळतो. धुरा गाडीचं मागचं टोक वर उचलू पाहते, मागच्या टायरांची पकड सुटते आणि ट्रेलर आपल्या आखाभोवती डोलायला मोकळा होतो. वजन फार वाढलं तर गाडीचं मागचं अंग खाली बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ढिलं लागतं आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. बोटीचं इंजिन मुळातच मागे असतं, त्यामुळे आपल्याला भीती बाळगायची ती उलाळण्याची.

मोजायला फार काही लागत नाही. सपाट जागी, ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून, एक भक्कम फळी घ्या. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं टोक घरातल्या वजनकाट्यावर, दोन टेकूंमध्ये ३ फूट अंतर. ट्रेलरची धुरा विटेपासून १ फुटावर टेकवा, काट्यापासून २ फूट उरतील. काट्यावर जो आकडा येईल त्याची तिप्पट म्हणजे धुरेवरचं वजन. मोजताना कपलर जोडलेल्या स्थितीत जितक्या उंचीवर असतो तितक्याच उंचीवर हवा, नाहीतर आकडा फसवतो. एकूण वजन पाहायचं तर हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर मोठे काटे असतात. बोट भरून, पेट्रोल टाकून एकदा तिथे नेऊन या.

कमी-जास्त निघालं तर आधी सामान पुढे-मागे करा. तेवढ्याने भागलं नाही तर ट्रेलरवरचा विंचचा (बोट ओढून घेणाऱ्या हातरहाटाचा) खांब सरकवून बोटच पुढे किंवा मागे घेता येते. मात्र बोट मागे घेताना तिचा मागचा काठ खालच्या गादीदार फळ्यांच्या बाहेर लोंबकळता कामा नये. इंजिनाचा सगळा भार तिथेच असतो आणि आधार नसेल तर हलचा तळ वाकतो. फळ्या किमान त्या काठापर्यंत पोचायलाच हव्यात. ते जमत नसेल तर ट्रेलरचा आख सरकवायचा, आणि ते काम दुकानात द्यावं.

जोडणी

बॉल आणि कपलर एकाच मापाचे आहेत ना, हे दोन्हींवर कोरलेला आकडा वाचून पाहा. १ ७/८ इंचाचा बॉल २ इंचाच्या कपलरमध्ये बसल्यासारखा दिसतो, लॅचही लागतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात बाहेर उडतो. अंदाजावर हे सोडू नका.

कपलर बॉलवर पूर्ण बसवा, लॅच बंद करा, त्यात पिन घाला. आता धुरेचा जॅक फिरवून ट्रेलर पुन्हा वर उचलायला लागा. गाडीचं मागचं अंगही सोबत उचललं गेलं तर जोडणी पक्की. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि मी ती एकदाही गाळत नाही. मग जॅक पूर्ण वर घेऊन आडवा करा.

सेफ्टी चेन धुरेच्या खालून एकमेकींना छेदून लावायच्या, डावीकडची उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे. कपलर निसटलाच तर धुरा या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. चेन वळणाला पुरतील एवढ्या सैल, पण जमिनीला घासणार नाहीत एवढ्या आखूड हव्यात. ब्रेक असलेल्या ट्रेलरला एक बारीक ब्रेकअवे केबल असते, ट्रेलर सुटला तर तीच ब्रेक लावते. ती चेनला नाही, थेट गाडीला अडकवा.

जोडल्यावर ट्रेलर बाजूने पाहा. तो आडवा, समपातळीत दिसला पाहिजे. नाक वर असेल तर बॉल माउंट बदलून बॉल खाली घ्या. शेवटी दिव्यांची तार जोडा आणि घरातल्या कुणाला तरी मागे उभं करून डावा, उजवा, ब्रेक असं एकेक ओरडून तपासा. दिवे अर्धवट लागत असतील तर बहुतेक वेळा दोष अर्थच्या पांढऱ्या तारेत असतो. तिचा स्क्रू खरवडून घट्ट केला की काम होतं.

बोट ट्रेलरला बांधण्यासाठी नुसता विंचचा पट्टा पुरत नाही. पुढे विंचच्या पट्ट्याशिवाय वेगळी चेन, मागे दोन्ही कोपऱ्यांतून ट्रेलरच्या सांगाड्याला आवळलेले दोन रॅचेट पट्टे. इंजिन वर उचललेलं असेल तर त्याला टेकू द्या, हायड्रॉलिकवर टांगून नेऊ नका. बोटीतली प्रत्येक सैल वस्तू, गादी, टोपी, ताडपत्री, खाली कप्प्यात. हायवेवर उडालेली गादी मागच्या गाडीच्या काचेवर जाते. बोटीत माणसं बसवून नेणं तर सोडाच.

टायर आणि बेअरिंग

रस्त्याच्या कडेला उभे दिसणारे बोटीचे ट्रेलर बहुतेक या दोन कारणांनीच अडलेले असतात.

बोटीचा ट्रेलर वर्षातून थोडेच मैल धावतो, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर आतून वाळून गेलेलं असतं. टायरच्या बाजूला ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार अंक पाहा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदला. जुना ट्रेलर विकत घेताना मी सर्वांत आधी हेच अंक वाचते. टायर ‘एसटी’ खुणेचा, म्हणजे ट्रेलरसाठीच बनवलेला हवा, आणि त्यात हवा टायर थंड असताना, बाजूवर छापलेल्या पूर्ण दाबापर्यंत भरलेली हवी. वेगाची वेगळी खूण नसेल तर अशा टायरांना ताशी ६५ मैल ही कमाल धरतात.

बेअरिंगचं दुखणं पाण्यातून येतं. तासभर धावल्यावर हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग बसवलेला मधला भाग, गरम असतो, आतली हवा प्रसरण पावलेली असते. तो तसाच थंड तळ्यात बुडवला की हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, गंज चढतो आणि पुढच्या कुठल्या तरी प्रवासात चाक जाम होतं. म्हणून रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, पोचलात की पंधरा-वीस मिनिटं थांबा. तेवढ्यात बोटीची तयारी होतेच. हबवर स्प्रिंगची टोपी असेल, ज्याला सगळे बेअरिंग बडी म्हणतात, तर ती आतलं ग्रीस थोड्या दाबाखाली ठेवते. ग्रीस गनने भरताना हात राखून भरा. जास्त दाबलं तर मागचं सील फुटतं. वर्षातून एकदा बेअरिंग उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरून घ्यायचं, आणि ते हिवाळ्याआधी. आत राहिलेलं पाणी पाच महिने तसंच ठेवलं तर वसंतात हातात गंजच येतो.

स्टेपनी बरोबर ठेवा. गाडीचा जॅक ट्रेलरच्या आखाखाली बसतो का आणि गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना लागतो का, हे घरीच करून पाहा. अनेकदा दोन्ही लागत नाहीत.

रस्त्यावर

निघाल्यावर दहा मैलांवर पहिल्यांदा थांबा, मग साधारण दर शंभर मैलांवर. पट्टे ढिले झाले का, कपलर, चेन, टायर पाहा, आणि हबजवळ हात न्या. कोमट असेल तर ठीक. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल, हात ठेववत नसेल, तर पुढे जाऊ नका.

थांबायला लागणारं अंतर खूप वाढतं, म्हणून पुढच्या गाडीपासून एरवीच्या दुप्पट तरी लांब राहा. वळताना ट्रेलरची चाकं आतून कापत जातात; आधी थोडं सरळ पुढे जाऊन मग वळा, नाहीतर फुटपाथ किंवा पेट्रोल पंपाचा खांब चाकाखाली येतो. पंप निवडताना आत जायची आणि सरळ बाहेर पडायची वाट दिसते का, ते पाहूनच शिरा.

बोटीच्या ट्रेलरला बहुतेक सर्ज ब्रेक असतात: गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच कपलरमधला पंप दाबला जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागतात. ते ड्रायव्हरला वेगळे, हाताने लावता येत नाहीत. म्हणून हेलकावे सुरू झाले तर उपाय एकच: ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रेलरच्या उलट वळवून त्याला सावरायला जाऊ नका. शांत झाल्यावर थांबून वजन तपासा. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. उत्तरेकडे जाणाऱ्यांनी मॅकिनॉ पूल ओलांडण्याआधी वाऱ्याची सूचना पाहावी. पाच मैल लांबीच्या त्या पुलावर जोराच्या वाऱ्यात वेग उतरवायला लावतात, आणि ट्रेलरला वारा आडवा लागतो तो तिथे.

मागे घेणं

ट्रेलर जोडलेली गाडी रिव्हर्समध्ये मागे घ्यायला तळ्यावर शिकायचं नाही. रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा, दोन शंकू ठेवा आणि तासभर घालवा. स्टिअरिंग खालच्या बाजूने, सहाच्या काट्याजवळ धरा. आता हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला ट्रेलरचं मागचं टोक जाईल. हळू, अगदी थोडं वळवा आणि ट्रेलर वळायला लागला की लगेच हात परत आणा. ट्रेलर जितका आखूड तितका तो पटकन दुमडतो. बिघडतंय असं वाटलं की पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा सुरू करा. वीस वर्षं ओढणारेही पुढे घेतातच.

रॅम्पवर

मिशिगनच्या सरकारी रॅम्पवर गाडीला रिक्रिएशन पासपोर्ट, म्हणजे राज्याचा प्रवेश-परवाना, लागतो. नंबरप्लेटचं नूतनीकरण करतानाच तो घेऊन टाका.

तयारी रॅम्पवर नाही, बाजूच्या तयारीच्या जागेत करायची. मागचे पट्टे सोडा, सामान चढवा, पुढे-मागे दोर बांधा, फेंडर (धक्का झेलणाऱ्या उशा) लटकवा, दिव्यांची तार काढा आणि ड्रेन प्लग, म्हणजे बोटीतलं पाणी सोडायच्या भोकाचं बूच, लावा. हा प्लग विसरला की बोट पाण्यात उतरताच भरायला लागते, म्हणून लावल्यावर हाताने फिरवून पाहा. विंचचा पट्टा आणि पुढची चेन मात्र बोट पाण्याजवळ जाईपर्यंत तशीच ठेवा. वरच सोडली तर ओल्या फळ्यांवरून बोट घसरून काँक्रीटवर पडते.

गाडीच्या काचा खाली, बेल्ट सोडलेला, मुलं गाडीबाहेर आणि कुणाच्या तरी हाताशी. मागे घेत जा, ट्रेलरचे मडगार्ड पाण्याला टेकले की थांबून पाहा. उतार कमी-जास्त असेल तसा थोडा फरक पडेल. गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली ठोकळा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर शेवाळलेल्या रॅम्पवर खास जपा: भार मागे असतो, ओढणारी चाकं पुढे, आणि ती जागच्या जागी गरगरतात.

बोट परत चढवताना ट्रेलर फार खोल नेऊ नका, नाहीतर बोट तरंगत वाकडी बसते. शेवटचे दोन-तीन फूट विंचने ओढा. इंजिनाच्या जोरावर चढवलं तर पंख्याच्या झोताने रॅम्पच्या टोकाखालची माती वाहून खड्डा पडतो, आणि पुढच्या कुणाच्या तरी ट्रेलरची चाकं त्यात अडकतात. पट्टा आणि चेन लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

निघण्याआधी

वर आल्यावर तयारीच्या जागेत परत थांबा. झेब्रा शिंपले १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये सापडले आणि बोटी-ट्रेलरांवर चिकटून राज्याच्या आतल्या तळ्यांपर्यंत पोचले. म्हणूनच मिशिगनमध्ये २१ मार्च २०१९ पासून कायदा आहे: बोट रस्त्यावर नेण्याआधी सगळे ड्रेन प्लग काढायचे, बोटीतलं, टाक्यांतलं पाणी काढून टाकायचं आणि चिकटलेली पाणवनस्पती काढायची. मी ट्रेलरच्या आखाभोवती, फळ्यांच्या खालच्या अंगाला, इंजिनाच्या पात्यावर हात फिरवून बघते. डोळ्यांना न दिसलेलं शेवाळ बोटांना लागतं. दुसऱ्या तळ्यात नेणार असाल तर मध्ये बोट पूर्ण वाळू द्या.

मग मागचे पट्टे आवळा, तार जोडा, दिवे तपासा, ओले दोर आणि आइसबॉक्स आखाच्या पुढच्या बाजूला ठेवा. काढलेला ड्रेन प्लग मी बोटीच्या किल्लीच्याच कडीत अडकवते. पुढच्या वेळी इंजिन सुरू करायला किल्ली हातात घेतली की प्लगही हातात येतो.